डोळ्याची डॉक्टर मलेरियाच्या वॉर्डात काय करणार?

डॉक्टरबाई, सा. न. वि. वि.

मी लातूरचा, निवृत्त मुख्याध्यापक. एकुलती एक मुलगी डोळ्यांची डॉक्टर झाली, एमएस. वय २९. मोक्याच्या जागी गाळा घेऊन ठेवलाय, मशिनच्या कर्जासाठी बँकेत दोन चकरा झाल्या. आणि आता ती म्हणते, दोन वर्षं आफ्रिकेत जाते. मलावी नावाचा देश, ब्लँटायर नावाचं शहर. तिथल्या इस्पितळात मलेरियाने बेशुद्ध पडलेल्या लेकरांचे डोळे तपासायचे आणि त्यावर संशोधन करायचं. मी म्हटलं, मलेरिया डास चावून होतो, रक्तात असतो, तिथे डोळ्याच्या डॉक्टरचं काय काम? तर म्हणाली, "बाबा, तुम्हाला नाही कळायचं." ३४ वर्षं मुलांना विज्ञान शिकवलेल्या माणसाला हे वाक्य लागलं. तिची आई रडते. पाहुणे स्थळाचं विचारतात. मला मधुमेह आहे, दरवर्षी माझा पडदा तीच तपासते.

यात खरंच काही आहे, की पोरीला कुणी भुलवलंय? तिथे तिलाच मलेरिया झाला तर? आणि परत आल्यावर इतकं शिकलेलं वाया तर जाणार नाही?

– एक बाप

सर, नमस्कार.

"तुम्हाला नाही कळायचं" हे तिचं चुकलं. विज्ञानाच्या मास्तरांना तर हे नक्की कळेल, आणि कळल्यावर तुम्हीच चार लोकांना सांगत सुटाल. दोन वर्षं परदेशी निघालेली पोरं घरच्यांशी अशीच तुटक बोलतात. समजावून सांगायला बसलं आणि बाबांनी तरी नाहीच म्हटलं तर काय, ही धास्ती असते. तेव्हा समजावण्याचं काम मी करते. मी डोळ्यांचीच डॉक्टर, आता निवृत्त. आणि या विषयाशी माझं एक जुनं येणं-देणं आहे, ते पुढे येईलच.

सुरुवात तुमच्याच डोळ्यापासून करू. दरवर्षी लेक तुमच्या डोळ्यात थेंब घालते, अर्ध्या तासाने बाहुली मोठी झाली की कपाळावरचा दिवा लावून, भिंग धरून आत बघते. ती चष्म्याचा नंबर काढत नसते. साखरेने तुमच्या बारीक रक्तवाहिन्यांचं काय केलंय ते ती पाहते. त्याच जातीच्या वाहिन्या तुमच्या मूत्रपिंडातही आहेत, पण तिथे डोकावता येत नाही. कातडी न कापता जिवंत माणसाच्या आतल्या अवयवाच्या रक्तवाहिन्या सरळ दिसाव्यात अशी सोयीची जागा शरीरात एकच, डोळ्याच्या आतला मागचा पडदा. तुम्ही हे निमूट मान्य केलंय. डोळ्याच्या डॉक्टरला मधुमेहातलं काय कळतं, असं तुम्ही तिला कधी विचारलं नाहीत.

आता यात एक गोष्ट वाढवा. हा पडदा मुळात मेंदूचाच तुकडा आहे. गर्भात डोळा तयार होतो तेव्हा मेंदूच्या पुढच्या भागातून दोन्हीकडे एकेक फुगवटा बाहेर येतो आणि त्याचाच पडदा बनतो. म्हणून पडद्यातल्या बारीक वाहिन्यांची ठेवण मेंदूतल्या वाहिन्यांसारखी असते. रक्तातलं काय आत सोडायचं आणि काय नाही, याचा पहाराही तसाच कडक. मेंदूत काही बिघडलं तर त्याची सावली पडद्यावर पडण्याची शक्यता मोठी.

मलेरियाचे परजीवी तसे बरेच प्रकारचे आहेत. जीव घेतो तो मुख्यतः फाल्सिपेरम. तांबड्या पेशीत शिरल्यापासून ती फोडून बाहेर पडेपर्यंत त्याला साधारण ४८ तास लागतात. पहिला दिवसभर ती पेशी इतरांसारखीच रक्तातून फिरते. नंतर तिच्या अंगावर बारीक गाठी उठतात आणि ती चिकट होते. मग फिरणं बंद. मेंदूच्या, आतड्याच्या, डोळ्याच्या बारीक वाहिन्यांच्या भिंतींना ती गोचिडीसारखी चिकटून बसते, कारण फिरत राहिली तर प्लीहा तिला गाळून टाकेल. आता बघा, आपण मलेरिया शोधतो कुठे? बोटाला सुई टोचून आलेल्या थेंबात. त्या थेंबात सापडतात फिरणारे. जे मेंदूत ठाण मांडून बसलेत ते त्यात येतच नाहीत. म्हणजे स्लाइडवर परजीवी थोडेच दिसावेत आणि मेंदू मात्र त्यांनी गच्च भरलेला असावा, असं होऊ शकतं.

आणि याच्या नेमकं उलटंही होतं, तीच ब्लँटायरमधली खरी अडचण. मलावीत पावसाळा साधारण नोव्हेंबर ते एप्रिल. त्या दिवसांत आणि नंतरचे काही महिने खेड्यात अंगणात खेळणाऱ्या, ठणठणीत पोरांचं रक्त तपासलं तरी पुष्कळांत मलेरिया सापडतो. लहानपणापासून शंभरदा डास चावलेले असतात, शरीर परजीवी बाळगून निभावून नेतं. आता असं एखादं लेकरू मेंदूज्वराने बेशुद्ध झालं, किंवा विषबाधेने, किंवा डोक्याला मार लागून, आणि इस्पितळात आणलं. रक्त घेतलं. मलेरिया पॉझिटिव्ह. डॉक्टर काय लिहिणार? सेरेब्रल मलेरिया, म्हणजे मेंदूचा मलेरिया. व्याख्याच तशी आहे: मूल खोल बेशुद्ध, रक्तात फाल्सिपेरम, दुसरं कारण सापडत नाही. आणि ज्या इस्पितळात फारशा तपासण्याच होत नाहीत तिथे दुसरं कारण सापडणार तरी कसं?

या व्याख्येत चूक किती, हे ब्लँटायरच्याच लोकांनी शोधून काढलं. क्वीन एलिझाबेथ सेंट्रल हॉस्पिटल हे तिथलं मोठं सरकारी इस्पितळ, सगळे त्याला नुसतं 'क्वीन्स' म्हणतात. तिथे टेरी टेलर नावाच्या अमेरिकन डॉक्टरबाई आणि माल्कम मॉलिनक्स नावाचे ब्रिटिश डॉक्टर यांनी वर्षानुवर्षं मुलांच्या मलेरियावर काम केलं. मुलं दगावली की आईबापांची परवानगी घेऊन त्यांनी शवविच्छेदन केलं. मूल गेल्याच्या दिवशी त्याच्या आईला हे विचारायचं म्हणजे काय, याची कल्पना करा. तरी लोकांनी हो म्हटलं. २००४ साली निष्कर्ष छापून आला. सेरेब्रल मलेरियाच्या व्याख्येत चोख बसणारी ३१ मुलं. त्यातल्या २४ जणांच्या मेंदूत परजीवी अडकलेले सापडले. उरलेल्या ७ जणांचा मृत्यू भलत्याच कारणाने झाला होता, कुणाचं यकृत निकामी झालेलं, कुणाच्या मेंदूत रक्तवाहिनी फुटलेली. चारातलं जवळजवळ एक मूल मलेरिया म्हणून उपचार घेत होतं आणि मरत होतं दुसऱ्याच आजाराने.

मग जिवंतपणी या २४ आणि ७ मधला फरक कशावरून ओळखता आला असता? ताप, आकड्या, साखर, बेशुद्धीची खोली, सगळं ताडून पाहिलं. उपयोगी पडलं एकच, डोळ्याच्या पडद्यावरचे बदल. पुढे जास्त शवविच्छेदनं झाल्यावर हिशोब बसला तो असा: मेंदूत खरोखर मलेरिया असलेल्या १०० मुलांपैकी सुमारे ९५ जणांच्या पडद्यावर खुणा दिसतात, आणि मेंदूत मलेरिया नसलेल्या १०० पैकी सुमारे ९० जणांचा पडदा कोरा असतो. सर, दिवा आणि भिंग एवढ्याच सामानावर होणारी तपासणी इतकं सांगते. डोळ्याच्या डॉक्टरचं तिथे काय काम, याचं उत्तर हे आहे.

आता त्या खुणा. सुझन लेवालन नावाच्या नेत्रतज्ज्ञ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मलावीतल्या मुलांमधलं त्यांचं वर्णन १९९३ साली प्रसिद्ध केलं. चार गोष्टी दिसतात. पडद्याच्या मधल्या भागाभोवती पांढुरके चट्टे, दुधावरची साय फाटून तुकडे तरंगावेत तसे. जिथे बारीक वाहिन्या तुंबल्या आणि प्राणवायू पोचला नाही, तिथला पडदा असा पांढरा पडतो. दुसरी खूण मला सगळ्यात विलक्षण वाटते. ज्या वाहिन्या लाल दोऱ्यासारख्या दिसायला हव्यात त्या अधूनमधून नारिंगी किंवा पांढरट दिसतात, धुण्यात रंग गेल्यासारख्या. कारण परजीवी पेशीतलं हिमोग्लोबिन खातो. आतला लाल रंगच खाल्ला गेला, आणि अशा फिक्या पेशी वाहिनीत दाटीने चिकटल्या, की वाहिनीच फिकी. म्हणजे स्लाइडवर न येणारा परजीवी इथे जागच्या जागी दिसतो! तिसरे रक्ताचे डाग, पुष्कळदा मधोमध पांढरे, कुंकवाच्या टिकलीवर तांदळाचा दाणा ठेवावा तसे. आणि चौथी, डोळ्याची नस जिथून निघते ती जागा सुजणे. पैकी पहिल्या दोन खास मलेरियाच्या. डाग आणि सूज इतर आजारांतही असतात, पण ती सूज असली की मुलाचं काही खरं नाही असं समजायचं.

आता माझं येणं-देणं सांगते. १९८९ चा पावसाळा. एमबीबीएस होऊन बॉण्डवर मी गडचिरोली जिल्ह्याच्या एका कोपऱ्यातल्या छोट्या सरकारी दवाखान्यात होते. रात्री एका चार-पाच वर्षांच्या मुलाला बाजेवर घालून आणलं, नाला ओलांडून, चौघांनी खांद्यावर. दोन दिवस ताप, सकाळपासून आकड्या, आता हाकेला ओ नाही. बाप माडिया बोलणारा, सिस्टर मध्ये दुभाषी. रक्तात फाल्सिपेरम. मी क्विनाइन सलाईनमधून सुरू केलं, साखर दिली. मेंदूज्वर नाही ना, हे बघायला पाठीतलं पाणी काढायचं होतं, आणि त्याआधी डोळ्याची नस सुजलेली नाही याची खात्री करायची म्हणून हातातला ऑफ्थॅल्मोस्कोप, म्हणजे डोळ्याच्या आत बघायचा छोटा दिवा, लावला. सेल उतरलेले, प्रकाश पिवळट. नस ठीक वाटली. पण आजूबाजूला काहीतरी फिकं, ठिपक्याठिपक्यांचं दिसलं. मला वाटलं सेलचाच दोष. दुसऱ्या डोळ्यातही तेच. केसपेपरवर मी लिहिलं, "पडद्यावर फिकट ठिपके, कारण?" आणि पुढच्या कामाला लागले. दुसऱ्या रात्री मुलगा गेला.

नंतर मी डोळ्यांकडे वळले. पुढे कितीतरी वर्षांनी एका परिषदेत, जेवणाआधीच्या पेंगुळलेल्या सत्रात, कुणीतरी ब्लँटायरचे पडद्याचे फोटो दाखवले. मी खुर्चीत ताठ बसले. तेच ठिपके. माझ्या केसपेपरवरच्या प्रश्नचिन्हाला उत्तर मिळालं, पण फार उशिरा. उत्तर वेळेत कळलं असतं तर तो वाचला असता का? नाही, सर. मलेरियाचाच उपचार चालू होता. पण तेव्हा मी नुसतं "कारण?" लिहून थांबले. तुमच्या मुलीला तिथे थांबायचं नाहीये, एवढंच मला या सगळ्यात दिसतं.

आता तुम्ही विचाराल, आणि विचारायलाच हवं, की हे सगळं कळून औषध बदलतं का? खरं सांगायचं तर, त्या क्षणी फारसं नाही. पडदा कसाही असो, रक्तात मलेरिया असलेल्या बेशुद्ध मुलाला आर्टेसुनेट या मलेरियावरच्या औषधाचं इंजेक्शन द्यायचंच. डोळा कोरा निघाला म्हणून कुणी ते थांबवलं तर मी त्याचे कान धरेन. (माझ्या वेळचं क्विनाइन मागे पडलं. भारतासह चार देशांतल्या २००५ सालच्या मोठ्या चाचणीत क्विनाइनवर २२ टक्के रुग्ण दगावले, आर्टेसुनेटवर १५ टक्के.) बदलतं ते हे: डोळा कोरा निघाला की डॉक्टरने हात झटकायचे नाहीत, दुसरं कारण शोधत राहायचं. पाठीतलं पाणी बघा, अँटिबायोटिक चालू ठेवा, घरात कीटकनाशक होतं का विचारा. त्या ७ मुलांसारख्या एखाद्याला यातून वेळ मिळू शकतो.

दुसरा फायदा संशोधनाचा. सेरेब्रल मलेरियावर नवं औषध तपासायचं आणि चाचणीतल्या चार मुलांपैकी एकाला तो आजारच नाही, तर निकाल काय कप्पाळ लागणार? डोळा पाहून मुलं निवडली की घोळ कमी होतो. ब्लँटायरला पुढे एमआरआय मशिन आलं, तेव्हा त्यांनी पडद्यावर खुणा असलेली १६८ मुलं घेऊन मेंदूची चित्रं काढली. २०१५ ला छापून आलं. २५ मुलं गेली, त्यातल्या २१ जणांचा मेंदू दाखल होतानाच प्रचंड सुजलेला होता. वाचलेल्यांपैकी ज्यांना अशी सूज होती, त्यांची ती पुढच्या चित्रांत उतरलेली दिसली. म्हणजे मूल मरतं ते पुष्कळदा मेंदू सुजून श्वासाच्या केंद्रावर दाब आल्याने, आणि कदाचित थोडे दिवस श्वास चालू ठेवला तर ते तरेल, असा नवा विचार पुढे आला. आधी डोळ्याने मुलं नीट निवडली होती, म्हणून ही सूज इतकी स्वच्छ दिसली.

दृष्टी जाते का, हा प्रश्न तुमच्या मनात आला असेल. पडद्यावरच्या या खुणांमुळे सहसा नाही. मूल वाचलं तर काही आठवड्यांत पडदा निवळतो. नुकसान राहतं ते मेंदूत. ब्लँटायरच्याच एका पाहणीत या आजारातून उठलेल्या १३२ मुलांपैकी १२ जणांना पुढे अपस्माराचा आजार जडला. तुलनेसाठी घेतलेल्या २६४ मुलांत एकालाही नाही.

आणि हे काम फक्त आफ्रिकेपुरतं नाही. ओडिशात राउरकेल्याच्या इस्पात जनरल हॉस्पिटलमध्ये, बांगलादेशात चितगावला, मोठ्या माणसांचे पडदे असेच तपासले गेलेत. मोठ्यांत चित्र थोडं वेगळं असतं, वाहिन्यांचा रंग उडालेला कमी दिसतो, पण पांढरे चट्टे जितके जास्त तितका आजार गंभीर, हे तिथेही आढळलं. आपल्या गडचिरोलीत आजही फाल्सिपेरम आहे. पण लहान मुलांचे मृत्यू जिथे सगळ्यात जास्त तिथेच हे शिकायला मिळणार. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे २०२३ साली मलेरियाने सुमारे ५ लाख ९७ हजार माणसं गेली, त्यातली ९५ टक्क्यांच्या आसपास आफ्रिकेत, बहुतेक पाच वर्षांखालची. पोरीला कुणी भुलवलेलं नाही. योग्य ठिकाणीच निघालीये.

तिला मलेरिया होण्याचं म्हणाल तर भीती खरी आहे आणि उपाय माहीत असलेली आहे. लातूरच्या माणसाच्या अंगात फाल्सिपेरमशी लढण्याची सवय नसते, आपण भारतीय म्हणून काही सूट मिळत नाही. उलट 'आमच्याकडेही मलेरिया असतो' म्हणून आपले लोक गाफील राहतात आणि डॉक्टर तर सगळ्यात गाफील, हे मी स्वतःवरून सांगते. तिने जाण्याआधी प्रवासी आरोग्याच्या जाणकाराकडून प्रतिबंधक गोळी ठरवून घ्यावी. रोज घ्यायच्या गोळ्या आहेत, आठवड्याला घ्यायचीही आहे, प्रत्येकीचे नखरे वेगळे. दोन वर्षं कुठली झेपेल ते बोलून घ्यावं लागतं. परत आल्यावरही ती काही दिवस चालू ठेवायची असते, काहींची तर चार आठवडे. औषध लावलेली मच्छरदाणी, संध्याकाळी पूर्ण बाह्या. ताप आला तर क्रोसिन घेऊन झोपायचं नाही, त्याच दिवशी रक्त तपासायचं. आणि इथे परत आल्यावर वर्षभरात कधीही ताप आला तर डॉक्टरला पहिलं वाक्य "मी मलावीहून आलेय" हे सांगायचं. पेपरात तुम्ही मलेरियाच्या लशीबद्दल वाचलं असेल. मलावीत ती २०१९ पासून देतात, पण लहान मुलांना, हिच्यासाठी नाही. विमान आदिस अबाबा किंवा नैरोबीवरून असेल तर यलो फीव्हरच्या लशीच्या दाखल्याचं आधी विचारून ठेवा, नाहीतर येताना विमानतळावर खोळंबा होऊ शकतो.

शहर म्हणाल तर ब्लँटायर डोंगराळ भागात आहे, समुद्रसपाटीपासून हजारेक मीटरवर, हवा आपल्या पाचगणीची आठवण करून देणारी. गुजराती दुकानदार पिढ्यानपिढ्या आहेत, तेव्हा तूरडाळ आणि हळद मिळेल. तिच्या आईला हे आधी सांगा. बाकीचं सगळं नंतर.

शिकलेलं वाया जाण्याचं मात्र उलटंच आहे. हे काम हाताने कसं होतं ते बघा. मूल बेशुद्ध, नाकात प्राणवायूची नळी, हातात सलाईन, मध्येच आकडी. थेंब घालण्याआधी बाहुल्यांचा आकार आणि उजेडाला त्या कशा वागतात हे लिहायचं, आणि थेंब कधी घातले ती वेळ केसपेपरवर मोठ्या अक्षरात. नाहीतर रात्रपाळीचा डॉक्टर मोठ्या बाहुल्या बघून मेंदू गेला समजेल. मग वाकून, एका हाताने पापणी उघडी धरून, दुसऱ्या हातात भिंग, पडद्याची कड न् कड बघायची. चित्र दिसतं तेही उलटं, वरचं खाली, डावीकडचं उजवीकडे. शेजारी आई उभी. मुलांची बेशुद्धी मोजायची जी पद्धत ब्लँटायरच्याच नावाने जगभर चालते, त्यात डोळ्यांसाठी एक गुण असतो: आईचा चेहरा हलला की मुलाची नजर त्याच्यामागे जाते का.

असा हात बसलेला डॉक्टर इथे परतल्यावर काय करतो? लातूर, नांदेड, बीडमध्ये नवजात बालकांचे अतिदक्षता कक्ष वाढलेत. अपुऱ्या दिवसांच्या बाळांचा पडदा वेळेवर बघितला नाही तर ती कायमची आंधळी होऊ शकतात, आणि दीड किलोच्या बाळाचा पडदा बघायला धजावणारे डॉक्टर गावोगाव नाहीत. दोन वर्षं क्वीन्सच्या वॉर्डात वाकून काढलेली बाई ते डुलकीतसुद्धा करेल. गाळा दोन वर्षं भाड्याने द्या. मशिनचं कर्ज आत्ता काढू नका, दोन वर्षांनी मशिन बदललेलं असेल.

तिला विचारायचे खरे प्रश्न वेगळे आहेत, आणि ते मुलाखत घेतल्यासारखे न विचारता जेवताना विचारा. पगार कोण देणार, किती महिन्यांचा करार? तिथल्या वैद्यक परिषदेची नोंदणी झाली का, की ती नुसती निरीक्षक म्हणून जाणार? गंभीर आजारी पडली तर बाहेर हलवण्याचा विमा आहे का? संशोधनात तिचं नाव कुठे येणार? वरिष्ठ कोण, आणि ते वर्षातले किती महिने तिथे असतात? यातल्या दोनाची उत्तरं गुळमुळीत आली तर मात्र मी तुमच्या बाजूने. तिला थांबवायचं नाही, कागद पक्के होईपर्यंत तिकीट काढू द्यायचं नाही.

एका गोष्टीची तयारी तिच्यापेक्षा तुम्हाला लागेल. मोतीबिंदूच्या ओटीत पेशंट सहसा मरत नाही. तिथे उत्तम उपचार मिळूनही सहा-सात मुलांतलं एक जातं. ज्याच्या डोळ्यात तिने दुपारी अर्धा तास बघितलं, ते मूल संध्याकाळी नसेल. ती फोन करेल आणि बोलणार नाही, किंवा भलत्याच विषयावर बोलेल. तेव्हा "मी आधीच सांगितलं होतं, ये परत" हे वाक्य गिळायचं. मुलाचं वय विचारा. घरचं कोण होतं विचारा. माझ्या त्या १९८९ च्या रात्री मला असं विचारणारं कुणी नव्हतं. टपाल आठवड्याने यायचं.

स्थळाचं: २९ च्या जागी ३१ लिहायचं, एवढंच. ज्याला ते खटकेल तो तसाही तिच्या कामाचा नव्हता.

आणि एक राहिलं. ती गेल्यावर दोन वर्षं तुमचा पडदा कोण बघणार? मधुमेहात हे वर्ष चुकवायचं नसतं, आणि लेकीशिवाय दुसऱ्याकडे जायचा तुम्ही कंटाळा करणार हे मला इथे बसून दिसतंय. निघण्याआधी तिच्याकडून एकदा तपासून घ्या, पडद्याचे फोटो काढून घ्या, आणि लातुरातल्या कुणाकडे जायचं ते नाव तिच्याकडूनच लिहून घ्या. थेंबांनंतरचा तो अर्धा तास तुम्हाला काही वाचता येत नाही आणि तिला दुसरं काम नसतं. तेव्हाच तिला म्हणा, आता सांग, त्या वाहिन्या नारिंगी का दिसतात.

– डॉक्टरबाई